पट्टेरी झेब्रावूडचं एवढं वेड का, आणि ते कोकणातल्या घरात टिकेल का?

तुम्ही विचारलंय की मनगटी घड्याळापासून बैठकीच्या भिंतीपर्यंत हल्ली ते झेब्रावूड दिसतं, त्यात एवढं काय आहे, आणि गुहागरच्या घरात लावलं तर चालेल का. मी श्रीवर्धनला फर्निचरचं काम करतो. कामात जे पाहिलं ते सांगतो.

हे झाड आफ्रिकेतलं, कॅमेरून-गॅबॉनकडच्या जंगलातलं. फिकट पिवळसर अंगावर गडद तपकिरी रेघा. पण त्या सरळ दिसतात ही अर्धी करामत करवतीची. केळीचं खोड मधोमध उभं चिरलंत तर सोपांच्या ओळी शेजारी शेजारी दिसतात, कडेचा काप काढलात तर त्याच पसरट होतात. इथेही तसंच. गाभ्याकडून सालीकडे फळी काढली तर आखल्यासारखे पट्टे, नाहीतर लाटा. सरळ पट्ट्यांच्या फळ्या काढताना ओंडका जास्त वाया जातो, म्हणून भाव चढतो, आणि बहुतेकदा तुमच्या हाती येतो तो विनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. त्याहून स्वस्त असेल तर सनमायकावरची छपाई. भरीव म्हणून कोणी विकत असेल तर फळीची कड बघा. वरची रेघ कडेवरून खाली उतरलेली दिसली पाहिजे.

घड्याळात हे लाकूड का शोभतं, याबद्दल माझं एक मत आहे. शिसवाची नक्षी खुलायला मोठी फळी लागते, दीड इंचात ती नुसती काळपट दिसते. झेब्रावूडच्या रेघा बारीक, तेवढ्या जागेतही दहा-बारा मावतात. शिवाय हाताला हलकं, धातूसारखं गार लागत नाही. आत मशीन मात्र बहुधा साधं सेलवरचंच असतं, तेव्हा पैसे लाकडाचे देताय हे लक्षात ठेवा. आणि ते घालून समुद्रात उतरू नका.

आता भिंतीचं. एका काकूंच्या बैठकीत मी एप्रिलमध्ये भरीव पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या. नारळी पौर्णिमेच्या आसपास फोन आला, "अरे, तुझे पट्टे भिंत सोडून बाहेर यायला लागलेत!" चूक माझीच. पावसाळ्यात आपली दारं फुगतात ना, तसंच. लाकूड लांबीत नाही, रुंदीत फुगतं, त्याला जागा सोडावी लागते. कोकणात भिंतीला विनिअरच बरा, तोही चांगल्या वॉटरप्रूफ प्लायवर. झेब्रावूडचे तंतू उलटसुलट गुंतलेले असतात, रंधा मारला की उपसतात, त्यामुळे नवख्या सुताराला भरीव फळी देऊच नका. हे झाड आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत धोक्यातलं म्हणून नोंदलेलं आहे, हेही माझं मन मागे घेण्याचं एक कारण.

पट्टेच हवे असतील तर ते आपल्या वाडीत आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इकडे माडांची रांगच्या रांग झोपली. लोकांनी तोडून चुलीत घातले. मी बुंध्याकडचे काही तुकडे आणले. माडाला इतर झाडांसारखी वर्तुळं नसतात. फिकट गरात काळपट धागे असतात, सालीकडे दाट, मध्ये विरळ. आडवं कापलं तर ठिपके, उभं कापलं तर तुटक रेघा. करवतीची धार तासाभरात जाते, ते सोसावं लागतं. मधला भाग भुसभुशीत, तो टाकून द्यायचा. बाहेरचा मात्र इतका टणक की मी त्याचं भिंतीवरचं घड्याळ केलंय आणि ते पाच पावसाळे बघून झालंय.

तुमच्याकडे एखादा जुना माड पडला तर खालचे पाच-सहा फूट राखून ठेवा. लगेच चिरून घ्या, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. ओलं तसंच टाकलंत तर बुरशी धरते.