रंगमंचाच्या मागे कलादालन असेल तर चित्रं बघताना नाटकाची जागा आड येते का?

तुम्ही विचारलंय की जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचामागच्या जागेत कलादालन असतं असं ऐकलंय, ते कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का, आणि तिथे चित्रांकडे लक्ष लागतं की जागाच भाव खाऊन जाते.

मी पाहिलंय. इटलीत पार्मा नावाचं गाव आहे, मिलान आणि बोलोन्याच्या मधे. तिथल्या पिलोत्ता नावाच्या अवाढव्य राजवाड्यात तेआत्रो फार्नेसे हे जुनं लाकडी नाट्यगृह आहे आणि त्याच राजवाड्यात तिथलं राष्ट्रीय कलादालन आहे. दोन्ही एकमेकांना इतकी चिकटलेली की मी गेलो तेव्हा आधी नाट्यगृहात शिरायचं, मग रंगमंचावर चढायचं आणि मागच्या बाजूने चित्रांच्या दालनात जायचं, असाच रस्ता होता. माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीचा रस्ता नाही. राज्य नाट्य स्पर्धेत पंधरा वर्षं मी नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या कापडी चौकटी, उभे केलेत, झालरी बांधल्यात, टेम्पोत सामान भरलंय. रंगमंचावर पुढून चढायची वेळ फक्त नटराजपूजनाला आली.

आधी नाट्यगृहाची गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याही नाटकमंडळीला आपलीच वाटेल. पार्माचा ड्यूक रानुच्चो फार्नेसे याला खबर लागली की फ्लॉरेन्सचा कोसिमो मेदिची मिलानला जाताना वाटेत थांबणार आहे. सोयरीक जुळवायची होती, छाप पाडायची होती. राजवाड्यात पहिल्या मजल्यावर शस्त्रं ठेवायचा प्रचंड दिवाणखाना होता, तिथे १६१८ मध्ये आलिओत्ती नावाच्या वास्तुकाराकडून घाईघाईने नाट्यगृह उभं करून घेतलं. सगळं लाकूड आणि गिलावा, वरून संगमरवरासारखं रंगवलेलं. म्हणजे प्रेक्षागृहसुद्धा नेपथ्यच! आणि पाहुणे आलेच नाहीत. दौरा रद्द. पुढे कोसिमो वारला, रानुच्चोही वारला, आणि नाट्यगृह दहा वर्षं बंद. अखेर १६२८ मध्ये रानुच्चोच्या मुलाचं, ओदोआर्दोचं, मेदिचींच्या मार्गेरिताशी लग्न झालं तेव्हा पडदा उघडला. संगीत मोंतेवेर्दीचं होतं. शेवटच्या प्रवेशात प्रेक्षागृहाच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी सोडून जहाजांची लढाई दाखवली होती. पहिल्या मजल्यावर! ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे, खालच्या मजल्यावर त्या रात्री कोण उभं होतं?

एवढा खटाटोप करून तिथे एकूण प्रयोग दहासुद्धा झाले नाहीत. शेवटचा १७३२ मध्ये. खर्च परवडायचाच नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या जवळ येतो. १३ मे १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात हे नाट्यगृह जवळपास संपलं. युद्धानंतर जुन्या आराखड्यांवरून ते पुन्हा बांधलं आणि लोकांसाठी उघडलं. पण उडालेली रंगरंगोटी पुन्हा केली नाही, नवं लाकूड उघडंच ठेवलं. त्यामुळे दारातून आत शिरल्यावर समोर काय दिसतं, तर घोड्याच्या नालेच्या आकारातल्या पायऱ्या, त्यावर दोन मजली कमानी, आणि सगळं बिनरंगाचं. फळ्यांचे सांधे दिसतात, लाकडाच्या रेषा दिसतात. ज्याने फ्लॅटची मागची बाजू पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. आपल्याकडे पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणतात, पुढून रंग देतात, आणि मागे खिळे, टेकू, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं ‘अंक २, डावी’. सामान्य प्रेक्षकाला ती बाजू कधी दिसत नाही. इथे अख्खं प्रेक्षागृहच त्या मागच्या बाजूसारखं उभं आहे. मी तिथे बराच वेळ बसून होतो. बायको दोनदा येऊन बघून गेली.

रंगमंच मात्र खोल, फार खोल. हा पूर्ण दिवाणखाना ८७ मीटर लांब आहे आणि त्यातला मोठा हिस्सा रंगमंच आणि त्याच्या मागच्या भागाने खाल्लाय. कारण यंत्रं. याच्या आधीचं व्हिचेंझाचं तेआत्रो ओलिंपिको (१५८५) बघितलंत तर तिथे रंगमंचावर लाकडी रस्ते कायमचे बांधलेले आहेत, गोष्ट कुठलीही असो, रस्ते तेच. आलिओत्तीला श्रेय देतात ते कापडी विंगा, म्हणजे मंचाच्या दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या चौकटी, खोबणीतून सरकवून दृश्य बदलण्याचं, आणि तेही कायमच्या दर्शनी कमानीच्या आड. क्षणात राजवाडा, क्षणात समुद्र. ही पद्धत पुढे युरोपभर पसरली, तिथून पारशी नाटक कंपन्यांकडे आली आणि तिथून आपल्या संगीत नाटकात. आपण आजही ‘विंगेत उभा राहा’ म्हणतो त्या विंगेचं एक मूळ या असल्या लाकडी खोबणीत आहे. हे माहीत असून त्या फळ्यांवर चालताना पाय जरा जपूनच पडतात.

तर, चित्रं. रंगमंच ओलांडून मागे गेलं की उजेड बदलतो. लाकूड संपतं, भिंती पांढऱ्या होतात. कोर्रेज्जो आणि पार्मिज्यानीनो हे पार्माचे घरचे चित्रकार, त्यांच्यावर गावाचा जीव आहे. पण मी सांगेन ते लिओनार्दोच्या ‘ला स्कापिल्याता’बद्दल. विस्कटलेल्या केसांची बाई. जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीची लाकडी फळी, शाळेच्या वहीएवढीच म्हणा. चेहरा पूर्ण केलेला, इतका मऊ की पापणी आता उचलेल असं वाटतं. आणि केस? चार-सहा फटकारे मारून सोडून दिलेत. खांदे तर नुसती रेघ. खाली फळीचा रंग तसाच दिसतो. आत्ताच रंग न लावलेल्या नाट्यगृहातून चालत आल्यावर हे चित्र बघणं आणि एखाद्या गुळगुळीत दालनात बघणं यात फरक पडतो. माझी नजर चेहऱ्यावर नंतर गेली, आधी त्या सोडून दिलेल्या भागावर गेली. जागा आड आली म्हणा हवं तर. मला तरी ती उपयोगी पडली.

एक तक्रारही आहे. फार्नेसेंनी जमवलेला मूळ खजिना इथे नाहीच. १७३४ पासून तो नेपल्सला हलवला, कारण वारस तिकडचा राजा झाला. कंपनी फुटली की मालक सगळे पडदे घेऊन जातो तसंच. आज जे दिसतं त्यातलं बरंचसं नंतरच्या राज्यकर्त्यांनी आणि तिथल्या कला अकादमीने जमवलेलं आहे. दालनं अनेक आहेत आणि मधली काही मी सरळ ओलांडली. चर्चसाठी रंगवलेल्या एकसारख्या सोनेरी चित्रफळ्या किती बघणार?

आपल्याकडे असं काही आहे का, असंही तुम्ही विचाराल. मुंबईत रीगल सिनेमासमोरचं एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, आहे. तो १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून कलादालन. पण तिथे अर्धगोल मजले आणि वरचा घुमट असं सगळं नव्याने रचलंय. मंच कुठे होता हे आत उभं राहून मला कधी ओळखता आलेलं नाही. बघायला ते छान आहे, पण तुम्ही म्हणताय तो प्रकार तो नाही.

खरं तर हा प्रकार आपल्याकडे व्हायला हवा होता, कारण आपले चित्रकार आधी विंगेतच होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचेसुद्धा. आडनाव मेस्त्री, लोकांनी ‘पेंटर’ करून टाकलं. सरसात कालवलेला रंग, जमिनीवर पसरलेलं भलंमोठं कापड, आणि त्यावर अनवाणी चालत रंगवणारी माणसं. एखाद्या जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला असा एक पडदा नुसता टांगून ठेवला, आणि मागून पण बघू दिला, तर मी तिकीट काढून जाईन.

पार्माला जाणार असाल तर: स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, आणि नाट्यगृह व कलादालनाला तिकीट एकच. रंगमंचावर पोचलात की सगळे जण वळून प्रेक्षागृहाचा फोटो काढतात. तुम्ही आधी वर बघा, मग कमानीच्या मागे, जिथे विंगा सरकायच्या तिथे. मला एका कोपऱ्यात एक साधी घडीची शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली, बहुतेक तिथल्या कर्मचाऱ्यांची. फोटो मी तिचा काढला.