फुटबॉलमधल्या स्टार विंगरने (मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूने) दुप्पट पगार मागितला तर क्लब काय करतो? आणि त्याच्या जागी दुसरा विंगर शोधतात कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बडोद्याला, म. स. विद्यापीठात कॉमर्सला आहात. स्टार विंगरची पगारवाढ क्लबने मान्य करावी की त्याला विकावं, यावरून मांजलपूरच्या मित्रांशी वाद चाललाय, आणि बदली खेळाडू शोधण्याची पद्धत तुम्हाला एक्सेलमध्ये मांडून बघायची आहे. मीही बडोद्याचाच. खेळाडूंचे आकडे आणि व्हिडिओ तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं ठाम मत आधी सांगतो. पगाराच्या वाटाघाटीत क्लबची ताकद त्या टेबलावर ठरत नाही. बदली खेळाडू आधीच तयार असेल तरच क्लबला ‘नाही’ म्हणता येतं. तो नसेल तर क्लब जास्त पैसे देतो, नाहीतर घाईत चुकीचा माणूस घेतो.

पहिला आकडा बघायचा तो पगाराचा नाही, कराराचे किती महिने उरलेत त्याचा. फिफाच्या नियमानुसार शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी पुढचा करार थेट करू शकतो, आणि करार संपल्यावर तो फुकट जातो. म्हणून शहाणे क्लब दोन वर्षं उरलेली असतानाच बोलणी सुरू करतात, दीड वर्ष उरलं की शेवटचा प्रस्ताव ठेवतात आणि बारा महिने उरले की विकायला काढतात. लिव्हरपूलने सादिओ माने २०२२मध्ये जर्मनीच्या बायर्नला विकला तेव्हा त्याचं एकच वर्ष उरलं होतं. आर्सेनलने अॅलेक्सिस सांचेझच्या बाबतीत जानेवारी २०१८पर्यंत ताणलं आणि सहाच महिने उरल्यावर मखितारियनच्या बदल्यात तो मँचेस्टर युनायटेडला देऊन टाकला, पैसे न घेता.

आता हिशोब. वर्तमानपत्रात ‘आठवड्याला ३ लाख पौंड’ छापून येतं आणि वाद तिथेच अडकतो. पूर्ण खर्च मांडून बघा. समजा, २९ वर्षांच्या विंगरला चार वर्षांचा करार हवाय, आठवड्याला ३ लाख. वर्षाला १ कोटी ५६ लाख, चार वर्षांचे ६ कोटी २४ लाख पौंड. त्यावर इंग्लंडमध्ये मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स एप्रिल २०२५पासून १५ टक्के आहे, म्हणजे आणखी सुमारे ९४ लाख. एजंटचे पाच टक्के धरले तर ३१ लाख. एकूण जवळपास साडेसात कोटी पौंड, आणि शेवटी हातात ३३ वर्षांचा, विकून काही न मिळणारा खेळाडू.

दुसऱ्या रकान्यात २३ वर्षांचा विंगर मांडा. किंमत ५ कोटी, पाच वर्षांचा करार, पगार आठवड्याला १ लाख. चार वर्षांत पगार, इन्शुरन्स आणि एजंट मिळून अडीच कोटींच्या आसपास. म्हणजे बाहेर जाणारी रोकड इथेही साडेसात कोटीच! फरक दोन ठिकाणी पडतो. जुना विकून आलेले पैसे या बाजूला जमा होतात, आणि चार वर्षांनी हातात २७ वर्षांचा खेळाडू असतो. तुम्ही कॉमर्सचे, तेव्हा पुढचं लगेच कळेल: खरेदीची किंमत कराराच्या वर्षांत समान वाटून खर्ची टाकतात, ५ कोटींचे दरवर्षी १ कोटी. विक्रीचा नफा मात्र त्याच वर्षी पूर्ण दिसतो. चेल्सीने जानेवारी २०२३मध्ये मुद्रिक या विंगरला साडेआठ वर्षांचा करार दिला तो याचसाठी, वार्षिक वाटा लहान दिसावा म्हणून. त्यानंतर युएफाने (युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेने) नियम केला की करार कितीही लांब असो, किंमत पाच वर्षांतच वाटायची. शिवाय युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना पगार, एजंटांचं कमिशन आणि हा वार्षिक वाटा मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत राहावं लागतं.

या हिशोबात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे बाकीच्या ड्रेसिंग रूमचा पगार. एकाला दुप्पट दिलं की पुढच्या आठवड्यात इतरांचे एजंट फोन करतात. पाच जणांना आठवड्याला फक्त ३०-३० हजार वाढवून दिले तरी इन्शुरन्ससकट वर्षाला ९० लाख पौंड होतात. सांचेझला युनायटेडने जो पगार दिला, त्यानंतर त्यांची सगळी पगाराची उतरंड बिघडली, आणि दीड वर्षात त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, इंटर मिलानला पाठवावं लागलं. एक्सेलमध्ये या परिणामाची वेगळी ओळ ठेवाच.

मग कधीच द्यायचं नाही का? द्यायचं, पण मुदत आखडून. मोहम्मद सलाहला लिव्हरपूलने एप्रिल २०२५मध्ये, ३२व्या वर्षी, दोनच वर्षांचा करार दिला. त्या मोसमात त्याने प्रीमियर लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ करायला मदत केली. असा माणूस बाजारात विकत मिळत नाही. पुढच्या मोसमात त्याच्या गोलांचा वेग उतरला. चार वर्षं बांधली असती तर केवढ्याला पडलं असतं, ते तुमच्याच शीटमध्ये दिसेल.

रकमेपेक्षा तिची रचना महत्त्वाची. मूळ पगार थोडा, सामन्यात सुरुवातीपासून उतरल्याचे पैसे वेगळे, चॅम्पियन्स लीगला पात्र झाल्याचे वेगळे, संघ खालच्या लीगमध्ये घसरल्यास ठरावीक टक्के कपात. विंगरला फक्त गोलांचा बोनस कधीही लावू नये. मोकळा सहकारी दिसत असूनही तो तिरक्या कोनातून शॉट मारतो. गोल आणि असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास) यांचा एकत्रित बोनस लावावा. रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की दुसरा क्लब खेळाडू नेऊ शकतो, अशी अट) द्यायचा तर त्याला तारीख घालावी, उदाहरणार्थ १५ जुलैपर्यंतच लागू. नाहीतर ३१ ऑगस्टच्या रात्री कोणीतरी रक्कम भरून खेळाडू घेऊन जातो आणि तुम्हाला बदली घ्यायला वेळच उरत नाही.

हे सगळं एकाच उन्हाळ्यात बघायचं असेल तर २०२५मधला बायर्न अभ्यासा. लेरॉय साने कमी मूळ पगाराच्या प्रस्तावावर राजी झाला नाही आणि करार संपल्यावर फुकट गलातासरायला गेला. बायर्नचं नाव ज्याच्याशी जोडलं जात होतं, त्या निको विल्यम्सने जुलैमध्ये अॅथलेटिक बिल्बाओशी २०३५पर्यंत करार केला, रिलीज क्लॉज पन्नास टक्क्यांहून जास्त वाढवून. अखेर बायर्नने २८ वर्षांचा लुइस डिअस लिव्हरपूलकडून घेतला, बातम्यांनुसार ७ कोटी युरोंहून जास्त देऊन. एकाची पगाराची मागणी, दुसऱ्याचा क्लॉज आणि तिसऱ्याची किंमत अशी एकमेकांत गुंतलेली असते.

आता शोधाकडे. पहिली पायरी, खेळाडू शोधायचा नाही, काम शोधायचं. जाणारा विंगर नेमकं काय करत होता ते लिहून काढा. उजवीकडे डाव्या पायाचा, आत वळून शॉट मारणारा? की रेषेवर राहून क्रॉस देणारा? त्याच्या बाहेरून फुलबॅक (कडेचा बचावपटू) धावत होता का? कॉर्नर कोण घेत होतं? गोलांतून पेनल्टी वजा करा, ही वजाबाकी न केल्यामुळे कोट्यवधी बुडालेत. निकोलस पेपेने लीलमध्ये २०१८-१९ला लीगमध्ये २२ गोल केले, त्यांत पेनल्टींचा वाटा मोठा होता. आर्सेनलने ७ कोटी २० लाख पौंड दिले, आणि २०२३मध्ये तो फुकट गेला. शिवाय लीलचा खेळ मोकळ्या मैदानात धावून प्रतिहल्ल्याचा होता. आर्सेनलसमोर मात्र संघ आठ-नऊ जण मागे ठेवून उभे राहत.

दुसरी पायरी चाळणी. किमान १,५०० मिनिटं खेळलेले, वय १९ ते २५, सगळे आकडे दर ९० मिनिटांमागे. रकाने असे: पेनल्टी वगळून गोल, पेनल्टी वगळून एक्सजी (मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल), अपेक्षित असिस्ट, प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोरच्या बॉक्समधले टच, यशस्वी ड्रिबल (चेंडू पायात ठेवून बचावपटूला चकवणं) आणि प्रयत्न, मैदानाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात परत मिळवलेले चेंडू. गोल एक्सजीच्या खूप वर असतील तर आनंदू नका, बहुतेकदा पुढच्या वर्षी ते खाली येतात. संघाच्या एकूण एक्सजीत त्याचा वाटा किती, हेही काढा; बलाढ्य संघातल्या विंगरचे आकडे संघामुळे फुगतात. अँटनी या विंगरचं उदाहरण यासाठीच. २०२२च्या ऑगस्टअखेर युनायटेडने अयाक्सला साडेनऊ कोटी युरो दिले. नेदरलँड्सच्या लीगमध्ये अयाक्सचा दबदबा, खरेदी-विक्रीची मुदत (विंडो) संपत आलेली, आणि प्रशिक्षकाला हाच हवाय हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक. २०२५मध्ये तो रियाल बेटिसला गेला, त्या किमतीच्या पाव भागात.

चाळणीतून वीसेक नावं उरतील. तिसरी पायरी म्हणजे पूर्ण सामने बघणं. हायलाइट्स नकोत, त्यांत चुकलेलं काही नसतं. एका खेळाडूचे आठ ते दहा सामने, त्यांत निम्मे बाहेरच्या मैदानावरचे आणि किमान तीन अशा संघांविरुद्ध जे मागे जमून बचाव करतात. चेंडूकडे नव्हे, त्याच्याकडे बघा. पास येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का? चेंडू मागच्या पायावर घेतो का? पुढच्या पायावर घेतला की अंग रेषेकडे वळतं आणि आत जायची वाट तिथेच बंद होते. फुलबॅकने त्याला कमजोर पायाकडे ढकललं तर तो थांबून मागे पास देतो, की त्या पायानेही क्रॉस टाकतो? चेंडू दुसऱ्या बाजूला असताना दूरच्या पोस्टकडे धावतो का? विंगरचे सगळ्यात सोपे गोल तिथेच मिळतात. चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद आणि ७५व्या मिनिटानंतर मागे येण्याची धाव, या दोन गोष्टींची वेगळी नोंद ठेवा. ७५व्या मिनिटाला हात कमरेवर ठेवून उभा राहणारा विंगर मागच्या फुलबॅकला एकटा पाडतो.

मग दुखापती. विंगरचा खेळ झटक्याच्या वेगावर, म्हणून हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) आधी तपासायची. एकदा दुखावली असेल तर चालेल. त्याच पायाची दोन मोसमांत दोनदा दुखावली असेल तर नाव खाली ढकला किंवा पगाराचा मोठा भाग सामन्यागणिक ठेवा.

आणि किंमत. तुमच्याकडे पैसा आलाय हे जगाला कळलं की बाजार संपला. अलकापुरीतला बंगला विकून त्याच महिन्यात दुसरा शोधणाऱ्याला दलाल जो भाव सांगतात, तोच प्रकार. ऑगस्ट २०१७मध्ये नेमारचे २२ कोटी २० लाख युरो बार्सिलोनाच्या हातात पडले आणि त्याच महिन्यात त्यांनी देम्बेलेसाठी डॉर्टमुंडला १० कोटी ५० लाख युरो, वर बोनस वेगळे, असे मोजले. डॉर्टमुंडने काय केलं? ३१ ऑगस्टला मँचेस्टर सिटीतला १७ वर्षांचा जेडन सांचो अगदी स्वस्तात उचलला आणि २०२१मध्ये युनायटेडला साडेआठ कोटी युरोंना विकला. विकणाऱ्याची यादी आधीच तयार होती, घेणाऱ्याची नव्हती.

माझ्या मते सगळ्यात नेटकं काम ब्रायटनचं. काओरू मितोमाला त्यांनी २०२१मध्ये जपानच्या कावासाकी फ्रंटालेकडून घेतलं आणि एक मोसम बेल्जियमच्या युनियन सँ-जिल्वाजला लोनवर खेळवलं. जानेवारी २०२३मध्ये ट्रोसार्ड आर्सेनलला गेला तेव्हा डाव्या बाजूला मितोमा आधीच खेळत होता. विद्यापीठात असताना त्याने ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिला होता. माने जाण्याच्या सहा महिने आधी, जानेवारी २०२२मध्ये लिव्हरपूलने पोर्टोकडून डिअस घेतला, तीही हीच रीत. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक जागेसाठी तीन नावं ठेवा: आत्ता परवडणारा, वर्षभराने तयार होणारा आणि आपल्याच अकादमीतला. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि बार्सिलोनाला लामिन यमाल तिथेच सापडला.

शीट सुरू करण्याआधी एक खबरदारी. इंग्लंडमधले पगार आठवड्याचे आणि कर धरून छापतात, इटलीतले वर्षाचे आणि कर वगळून. इटलीतला ‘५० लाख युरो’ म्हणजे क्लबला साधारण ९० लाखांच्या आसपास. सगळे आकडे आधी वार्षिक, करासहित आणि एकाच चलनात आणा. इंग्लिश क्लब एकेका खेळाडूचा पगार जाहीर करत नाहीत, वार्षिक हिशोबात फक्त एकूण पगारखर्च असतो. तेव्हा बातमीतल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना २० टक्के सोडून तीन वेळा हिशोब करा. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच मित्रांशी पैज लावा.