जुज माहीत नसलेली बाइंडरची लेक

पत्र : माझं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. २६ वर्षं झाली. मुलगी टीवायबीएस्सी आयटीला आहे, मार्क ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये. कॉलेजच्या ग्रंथालयात ‘कमवा आणि शिका’मध्ये काम करता करता तिने तिथल्या पुस्तकांच्या आणि मासिकांच्या बाइंडिंगचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलं. आता तोच प्रोजेक्ट म्हणून दिलाय आणि म्हणते, पुढेही ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करणार. मी जन्मभर लेईत हात घातले ते पोरीने बाइंडिंगमध्येच अडकावं म्हणून नाही. दहावीनंतर तिला दुकानाची पायरी चढू दिली नाही. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हाही नाही. डेटा सायन्सच्या कोर्सला तिच्या नावाने २५ हजार भरलेत, उरलेले दीड लाख पतपेढीतून काढतोय. सोसायटीतले एक आयटीतले साहेब म्हणाले, असली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, त्यात काही भवितव्य नाही. ती घरात धड बोलत नाही. तिला समजावणारे चार शब्द लिहा. तिच्या प्रोग्रॅमची दोन पानं छापून सोबत जोडलीत, म्हणजे काय खेळ चाललाय ते तुम्हाला कळेल. – एक वडील, ठाणे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ती दोन पानं निदान पाच वेळा.

तुम्ही त्याला खेळ म्हणता. पण पाकिटात घालण्याआधी तुम्ही त्या पानांवर निळ्या पेनाने चार दुरुस्त्या केल्यात. कदाचित सवयीने केल्या असतील, पुठ्ठा वाकडा दिसला की हात आपोआप जातो तशा. मुलीने ‘कापडाचा रंग’ असा रकाना करून त्यात लाल, निळा, हिरवा, काळा असे पर्याय दिलेत. तिथे तुम्ही लिहिलंय : ‘रंग निवडायचा नसतो. मागच्या खंडाचा तोच ह्या खंडाचा. आधी कपाटात जाऊन बघा.’ तिने एका वर्षाचे १२ अंक म्हणजे एक खंड असं गृहीत धरलंय. तिथे : ‘२ इंचांवर जाड झालं की पाठ फुटते. दोन भाग करा.’ अंक पूर्ण झाले की ‘पाठवा’चं बटण लागतं, त्याच्या शेजारी : ‘वर्षाची सूची आली का? ती मागाहून येते. नाहीतर सगळं उसवून परत शिवावं लागतं.’

आणि चौथी दुरुस्ती. बांधणीच्या प्रकारात तिने लिहिलंय ‘सेक्शन सिलाई’. ते खोडून तुम्ही लिहिलंत ‘जुजबंदी’.

मी तिथेच थांबले. जुज म्हणजे एकत्र घडी घालून शिवायचा पानांचा जोड. २६ वर्षं दुकान चालवणाऱ्या बाइंडरच्या मुलीला हा शब्द माहीत नाही! तिला तो ग्रंथपाल बाईंच्या रजिस्टरमध्ये सापडला नाही म्हणून तिने इंग्रजीचा आधार घेतला. घरात मात्र तो रोज उच्चारला जात असणार, फोनवर, कारागिराशी, कागदवाल्याशी. पत्रात तुम्ही अभिमानाने लिहिलंय की दहावीनंतर तिला दुकानाची पायरी चढू दिली नाही. लेईचा वास तिच्या कपड्यांना लागू नये हे मी समजू शकते. पण त्याबरोबर तुम्ही तिला हेही शिकवलंत की बापाचं काम लपवण्याजोगं आहे. ते मात्र ती शिकली नाही. फिरून फिरून कॉलेजच्या ग्रंथालयातून ती तुमच्याच कामाशी आली, आणि तुम्हाला न विचारता आली, कारण विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं ते तिला ठाऊक होतं.

मला तिच्या मार्कांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ‘तिच्या नावाने २५ हजार भरलेत’ या वाक्याची. ते तिला विचारून भरलेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे विचारलेलं नाही. वीस-एकवीस वर्षांची मुलगी घरात बोलत नाही आणि तुम्ही दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता तिच्या न बोलण्यावर उभा करताय. उद्या कोर्समध्ये तिचं मन लागलं नाही तर ‘तुझ्यासाठी कर्ज काढलं’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघणारच. सगळ्या आईबापांच्या तोंडून निघतं. म्हणून आधी ते कर्ज थांबवा. भरलेले २५ हजार लेखी अर्ज करून परत मागा. मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर तेवढ्यावर सुटलो म्हणा. जिथे प्रवेशाच्या वेळीच नोकरीची हमी देतात, तिथे ती हमी कागदावर लिहून मागून बघा, मग काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघा.

आता सोसायटीतल्या साहेबांचं ‘फुकट’ घेऊ, कारण हा गैरसमज फार पसरलाय. कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेला २००० साल उजाडताना जुनी प्रणाली बंद पडेल अशी भीती होती, म्हणून १९९९मध्ये त्यांनी नवं बनवून घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण भेट मिळालेली शिवणयंत्रं तुमच्या दुकानात आपोआप चालतात का? ते सर्व्हरवर बसवणं, जुन्या नोंदी त्यात आणणं, बारकोड लावणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, प्रत्येक कॉलेजला हवे तसे अहवाल काढून देणं, मध्येच बंद पडलं तर रात्री उठून सुरू करणं, हे सगळं पैसे घेऊन करणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांना माणसं लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. त्याचंही तेच. फुकट असतो तो परवाना, मजुरी नव्हे. हे तुम्हाला मी सांगायला नको, गिऱ्हाईक स्वतःचा कागद घेऊन आलं म्हणून तुम्ही शिलाईचे पैसे सोडत नाही.

शिवाय तुमच्या मुलीने जिथे हात घातलाय तो कोपरा या सॉफ्टवेअरांतही अवघडच असतो. बाहेरच्यांना वाटतं, पुस्तक गेलं-आलं एवढीच नोंद, त्यात काय? माझा एक अनुभव सांगते. एमएला असताना मला एका त्रैमासिकाचा एक जुना अंक हवा होता. ग्रंथालयाच्या कार्डावर तो होता, कपाटात नव्हता. ‘बाइंडिंगला गेलाय’ एवढंच उत्तर. कधी गेला, कुणाकडे, कधी येणार, कुणालाच माहीत नाही. पाच महिन्यांनी तो खंड आला, तर मला हवा असलेला अंक त्यात नव्हताच. तो पाठवतानाच गठ्ठ्यातून सुटला होता आणि बाइंडरने जे मिळालं ते बांधून दिलं. त्या बाइंडरची काय चूक? त्याच्या हातात यादीच दिलेली नव्हती.

तुमच्या मुलीच्या पहिल्या पानावर तीच यादी आहे. कुठले अंक आले, कुठला आलाच नाही, त्यासाठी प्रकाशकाला पत्र गेलं का, कुठल्या गठ्ठ्यातून कुठल्या तारखेला काय बाहेर पडलं, पाठीवर कुठली अक्षरं सोनेरी छापायची, दर काय ठरला, बिल किती आलं. आणि दुसऱ्या पानावर तिने एक गाठ सोडवली आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली असेल कारण तिथे दुरुस्ती नाही. १२ सुटे अंक बाइंडरकडे जातात तेव्हा त्यांच्या १२ वेगळ्या नोंदी असतात, परत येतो तो एकच खंड. जुन्या नोंदी तशाच ठेवल्या तर संगणक म्हणत राहतो की १२ अंक हरवलेत. पुसून टाकल्या तर मार्चचा अंक कधी आला होता हे शोधायची सोय राहत नाही. तिने १२ नोंदी मिटवलेल्या नाहीत, त्या नव्या खंडाच्या पोटात घेतल्यात. कंपन्यांत पाच वर्षं काम केलेल्यांनाही मी हे चुकताना पाहिलंय.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. बाइंडिंगचं सॉफ्टवेअर विकून पोट भरेल असं तिला वाटत असेल तर ते डोक्यातून काढायला सांगा. छापील नियतकालिकांचे दिवस उतरणीला लागलेत. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत १ जानेवारी २०२५पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना संगणकावर मिळू लागली आहेत. जो अंक छापून येतच नाही, तो बांधणार कोण? तुमच्या दुकानाचा मार्च-एप्रिलचा धंदाही आता नियतकालिकांवर नाही, मुलांच्या ब्लॅक बुकांवर, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधलेल्या अहवालांवर, चालत असणार. तेव्हा या प्रोजेक्टवर दुकान थाटू नका, पण नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला याच्याइतकी चांगली वस्तू तिच्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. बाकीच्यांची ब्लॅक बुकं तुम्हीच बांधता. हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि ऑनलाइन शॉपिंग सोडून त्यात काय असतं?

आणि हा प्रोग्रॅम फक्त ग्रंथालयाचा आहे हेही खरं नाही. नवी मुंबईत महापे, रबाळे, तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात जा. एका कारखान्यातून चलन, म्हणजे मालासोबतची पावती, फाडून माल दुसऱ्याकडे जॉबवर्कला जातो, तिथून घडून परत येतो, कधी कमी येतो, कधी दहाचा एक होऊन येतो. जीएसटीत असा कच्चा माल साधारणपणे १ वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो विकला असं धरलं जातं. कुठलं चलन अजून उघडं आहे, हे सांगणारा माणूस तिथे सोन्याच्या भावाने हवा असतो. अंकांचे गठ्ठे मोजणाऱ्या मुलीला ते काम नवं नाही.

परीक्षा आणि पदव्यांचं थोडक्यात : एमसीए करायचं असेल तर राज्याची सीईटी आहे. ग्रंथालयातच जायचं असेल तर पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचं बी.लिब. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून होतं, पुढे एम.लिब. आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा. तिचा कल बघता मी आधी नोकरी, मग मुक्त विद्यापीठातून बी.लिब. असं सुचवेन. आयटीही येतं आणि वर्गीकरणही कळतं अशी माणसं फार कमी आहेत. तोवर तिने एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची भाषा, पक्कं करावं, स्वतःच्या लॅपटॉपवर कोहा बसवून बघावं आणि त्यातल्या नियतकालिकांच्या भागात आपला प्रोग्रॅम कुठे जोडता येईल ते शोधावं. ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या आणि मासिकांच्या मजबूत बांधणीसाठी आयएस ३०५० हे भारतीय मानक १९६५पासून आहे. तिला हवे असलेले निम्मे रकाने त्यात मिळतील.

उरलेले निम्मे तुमच्याकडे आहेत, म्हणून तिला समजावणारे चार शब्द मी लिहिणार नाही. मला तिला काही समजवायचंच नाही. तुम्ही एक करा. रविवारी दुकान बंद असतं असं तुम्ही लिहिलंय. या रविवारी शटर अर्धं उघडा आणि तिला घेऊन जा. एक फुटलेला जुना खंड तिच्यासमोर उसवा. जुज कसे मोजायचे, आतली कोर, म्हणजे समास, कमी असली तर बाजूने टोचून का शिवायचं नाही, लेईत मोरचूद का घालतात, अस्तर कधी चिकटवायचं, सगळं दाखवा. ती लॅपटॉपवर लिहून घेईल, घेऊ द्या. करिअरबद्दल त्या दिवशी एक अक्षर काढू नका, कोर्सबद्दल तर नाहीच. ती तिच्या बाजूने काही बोलली तर ऐका. सहा महिन्यांनी तिला डेटा सायन्स शिकावंसं वाटलं तर तेही शिकेल, पण ते तिने मागितलेलं असेल आणि फी भरण्याआधी तीन ठिकाणी चौकशी केलेली असेल.

ठाण्यात १८९३पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांत या शहरातली किती पुस्तकं कुणाकुणाच्या शिकंज्यात दाबली गेली असतील, त्या बांधणाऱ्यांची नावं कुठल्याच कार्डावर नाहीत. तुमच्या मुलीच्या पहिल्या पानावर मात्र ‘बाइंडरचं नाव’ असा रकाना आहे. नमुन्याची नोंद म्हणून तिने त्यात तुमच्या दुकानाचं नाव भरलंय. ते तुम्ही वाचलं असणारच.

दोन्ही पानं परत पाठवते आहे. माझ्याकडे ठेवून उपयोग नाही, ती तिला द्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही आणखी काहीतरी लिहून खोडलंय. मला ते लागलं नाही. तिला वाचून दाखवा.