आजीचं माहेरचं नाव कागदावर कसं शोधावं?

प्रश्न : आजी 1940 च्या सुमारास वाळवा तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, असं घरात सांगतात. नोंद कुठे मिळेल? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : आधी तिच्या माहेरच्या गावच्या शाळेत जा. प्रवेशाची नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि अंदाजे प्रवेशवर्ष लिहा. बहुतेकांचा शोध इथेच फसतो, कारण अर्जात सासरचं नाव लिहिलेलं असतं. लग्नात नाव बदललं असेल तर रजिस्टरमध्ये ‘लक्ष्मीबाई’ सापडणारच नाही. तिथे ‘सोनाबाई’ असेल. म्हणून माहेरच्या थोरल्यांना आधी विचारा. सांगितलेल्या वर्षाच्या मागची-पुढची पाच वर्षं पाहा. शेरा आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने सोडू नका. ती शाळेतून का गेली, ते कळलं तर तिथेच कळेल.

रजिस्टर नसेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) मागा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, मोडी वाचणारं कुणी सोबत न्या. पुष्कळदा तिथे बाळाचं नाव नसतं, नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. मुलींची नावं अशीच गळाली, याची चीड येते. अशा वेळी भावंडांच्या जन्मक्रमावरून ताळा घ्या.

आणखी एक: वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा जुन्या कागदांवर ‘जि. सातारा’ दिसलं तर ते बाजूला सारू नका.