ओपनडब्ल्यूआरटीच्या डीटीएसमध्ये एकाच एलईडीला चारही भूमिका देता येतात का?

देता येतात भाऊ, बिनधास्त द्या. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर चढवायचं खुलं फर्मवेअर, आणि डीटीएस म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते त्याला सांगणारी फाइल. तुमच्या राउटरवर हिरवा एकच एलईडी आणि फाइलमध्ये बूट, फेलसेफ (बिघडल्यावर दुरुस्तीसाठीची अवस्था), रनिंग, अपग्रेड अशी चार नावं, म्हणून तुम्ही अडलात. पण ते चार दिवे नव्हेत, चार कामं आहेत. दिवा चिपच्या कुठल्या पिनवर आहे ते फाइलच्या 'लेड्स' नोडमध्ये, म्हणजे भागात, लिहायचं आणि कोणतं काम कोणाकडे ते 'अलायसेस'मध्ये. तिथल्या चारही ओळी एकाच लेबलकडे, म्हणजे त्या दिव्याला दिलेल्या नावाकडे, वळवा, झालं.

फरक लुकलुकण्याच्या वेगात दिसतो. सुरुवातीला, बटण दाबून फेलसेफमध्ये शिरता येतं तेव्हा, दिवा 100 मिलिसेकंद पेटतो नि 100 विझतो. बटण दाबलं तर 50-50, म्हणजे नुसता फडफडतो. नाही दाबलं तर 200-200, आणि सगळं उभं राहिलं की स्थिर. फर्मवेअर चढतानाही 200-200च असतं, त्यामुळे एका दिव्यावर बूट आणि अपग्रेड वेगळे ओळखू येत नाहीत. दुसरा रंग असता तर मी अपग्रेड त्याला दिलं असतं.

खरी गोम पिनच्या उलट-सुलटपणात आहे. बऱ्याच बोर्डांवर दिव्याचं एक टोक थेट सप्लायला असतं, म्हणून पिनचं व्होल्टेज खाली गेलं की तो पेटतो. तिथे 'ॲक्टिव्ह लो' लिहावं लागतं. शिरपूरजवळ काकांच्या केळीच्या मळ्यातल्या राउटरसाठी मी 'ॲक्टिव्ह हाय' लिहून बसलो होतो. टेबलावर बूट होताना दिवा छान लुकलुकला, मी खूश. लुकलुकताना पेटण्या-विझण्याचा वेळ सारखाच, त्यामुळे उलटं असलं तरी कळत नाही! पण सुरू झाल्यावर जिथे स्थिर पेटायचा तिथे तो विझून बसायचा, आणि तेवढा वेळ मी थांबलोच नव्हतो.

रात्रीच्या पाळीची लाईट आली की काकांचा फोन: "भाऊ, लुकलुक करी ऱ्हायना... आते बंद पडी गया." डबा मेला समजून ते प्लग काढायचे नि परत लावायचे. चालू राउटर तीन रात्री असा बंद-चालू झाला. त्यात अपग्रेड चालू असतं तर फ्लॅशवर, म्हणजे साठवणीच्या चिपवर, लिहिणं अर्धवट राहून डबा खरंच गेला असता. चूक एका शब्दाची, आणि ती माझीच.

म्हणून फाइल पक्की करण्याआधी चालू राउटरवर त्या दिव्याच्या 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलमध्ये हाताने 1 लिहून बघा. पेटायला हवा. 1 ला विझला आणि 0 ला पेटला तर 'ॲक्टिव्ह हाय'-'ॲक्टिव्ह लो'चा ध्वज उलटा आहे. कशानेच हलला नाही, तर पिन चुकली किंवा तो दिवा सरळ सप्लायवर जोडलेला आहे; काही राउटरांचा पॉवरचा दिवा तसाच असतो, त्याला कुठलीच भूमिका देता येत नाही.

इंटरनेटचा दिवा वेगळा असेल तर त्याला 'रनिंग' करू नका. केबल निघाली, तर राउटर बंद पडला की नुसतं नेट गेलं, हे फोनवरून कोणालाच सांगता येणार नाही.