दोन भावांच्या वादात मी कोणाची बाजू घेऊ?

प्रश्न (२०२१ च्या गणपतीआधी आलेला) : आम्ही मुंबईत ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीत राहतो. गिरणीतून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे सासरे, मी, माझे पती आणि सातवीतला मुलगा असे चौघे एका खोलीत आहोत. धाकटे दीर डोंबिवलीला असतात आणि लोकलने फोर्टला कामाला येतात. पती आणि दीर वेगवेगळ्या पक्षांचे. टाळेबंदीपासून त्यांची भांडणे इतकी वाढली की जूनपासून बोलणेच बंद आहे. एकाचा निरोप दुसऱ्याला मी पोचवते. सासऱ्यांनी मार्चमध्ये कोविशील्डचा पहिला डोस घेतला, दुसऱ्यासाठी एप्रिलच्या अखेरीस उन्हात रांग लावून परत आले आणि आता घेणारच नाही म्हणतात. दीर त्यांना लशीविरुद्ध मेसेज पाठवतात. गणपतीला सगळा गोतावळा आरतीला हवा, असा दिरांचा आग्रह आहे. तो आला तर मी घराबाहेर जाईन, असे पती म्हणतात. त्यात महापालिकेची निवडणूक तोंडावर आली आहे आणि चाळीच्या पुनर्विकासाचे काय होणार, ते कळत नाही. रात्री मोरीचा पडदा ओढून रडते. मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : ताई, कोणाचीच बाजू घेऊ नका, असे सांगणे मला सोपे आहे, पण १६० चौरस फुटांच्या खोलीत तटस्थ बसायला कोपरा कुठून आणणार, हेही मला कळते. म्हणून बाजूचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून मी आधी तुमच्या सासऱ्यांविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे.

ते दिरांच्या मेसेजमुळे लस नाकारत आहेत, असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. साठीच्या पुढच्या लोकांसाठी १ मार्च २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा दुसरा डोस २८ दिवसांनी, असे सांगितले होते. २२ मार्चला ते अंतर सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. मधल्या काळात साठा संपल्यामुळे ३० एप्रिलपासून मुंबईतली केंद्रे तीन दिवस बंद होती. अंतर वाढवल्याने लस अधिक परिणामकारक ठरते, असा ब्रिटनमधल्या अनुभवाचा आधार सरकारने दिला आणि तो खोटा नव्हता. पण नेमका त्याच वेळी लशीचा तुटवडा असल्यामुळे लोकांना शंका आली, तर त्यात वेडेपणा काहीच नव्हता. शिवाय ज्या माणसाने गिरणगावात १९८२ चा गिरणी कामगारांचा संप सोसला, ‘अजून थोडे दिवस थांबा’ हे वाक्य ज्याने ऐन बत्तिशीत ऐकले आणि त्यानंतर त्या संपाचे काय झाले तेही पाहिले, त्याला रांगेतून परत पाठवताना पुन्हा तेच वाक्य ऐकवले गेले. दिरांच्या मेसेजनी त्या रागाला फक्त खतपाणी घातले.

तेव्हा त्यांच्याशी लशीच्या गुणदोषांवर वाद घालू नका. त्या दिवशी तुमचा अपमान झाला, हे आधी एकदा मान्य करा. घरात अजून कोणी ते म्हटलेले दिसत नाही. सोळा आठवडे कधीच उलटून गेले असले, तरी दुसरा डोस वाया जात नाही आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही, एवढेच त्यांना सांगा. केंद्रावर लस आली आहे का, याची चौकशी आदल्या दिवशी तुम्ही करा, सकाळी त्यांच्याबरोबर जा आणि पाण्याची बाटली, आधार कार्ड व पहिल्या डोसचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत यावे लागले, तर मात्र ते तिसऱ्यांदा घराबाहेर पडणार नाहीत.

आता दिरांबद्दल. तुम्ही सहज लिहून गेलात की ते लोकलने कामाला येतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच सर्वसामान्यांसाठीचा लोकलचा मासिक पास मिळू लागला. म्हणजे ते अत्यावश्यक सेवेत नसतील, तर वडिलांना लशीविरुद्ध मेसेज पाठवणाऱ्या तुमच्या दिरांनी स्वतः दोन्ही डोस घेतलेले आहेत. हे त्यांच्या तोंडावर फेकण्याचा मोह तुम्हाला होईल आणि तुमच्या पतीला तर फारच होईल. पण ते अस्त्र वापरलेत, तर दीर जिंकण्यासाठी भांडतील आणि सासरे राहतील तिथेच. त्याऐवजी दिरांना एकटीने फोन करा आणि म्हणा, “भाऊजी, बाबा माझे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील, तुम्ही घेतलीत, तेवढेच त्यांना सांगा.” पक्ष सोडायला त्यांना कोणी सांगत नाही. बापाच्या जिवाचा विषय निघाल्यावर बहुतेक मुले पक्षाची भाषा सोडतात.

मात्र हा फोन तुमच्यासाठीच असला पाहिजे, पतीचा निरोप म्हणून नव्हे, कारण निरोप पोचवण्याचे काम तुम्ही आता थांबवायचे आहे. दोन भावांना एकमेकांशी न बोलता सगळे व्यवहार चालू ठेवणे परवडते, कारण त्याचे मोल तुम्ही चुकवता. प्रत्येकाचे टोचून बोलणे तुम्ही जरा मऊ करून दुसऱ्याला ऐकवता आणि दोघांचा राग तुमच्या वाट्याला येतो. पुढच्या निरोपाला “त्यांना फोन लावून देते, तुम्हीच बोला,” एवढेच म्हणून मोबाईल हातात द्या. पहिले काही दिवस घरात आदळआपट होईल. होऊ द्या.

गणपतीचा निर्णय ना तुमच्या पतीचा, ना दिरांचा, घरातल्या वडीलधाऱ्याचा. दोघांच्या देखत, फोनवर का होईना, सासऱ्यांना विचारा आणि ते बोलण्याआधी खोलीची परिस्थिती त्यांच्यासमोर मांडा. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत असावी, असा २०२१ च्या गणेशोत्सवासाठी नियम केला गेला. तुमच्या खोलीत त्याहून मोठी बसलीही नसती, त्यामुळे त्यावर भांडण्यात अर्थ नाही. प्रश्न माणसांचा आहे. दीर-जाऊबाईंनी एका दिवशी सकाळच्या आरतीला यावे आणि बाकीच्या गोतावळ्याने व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवाव्यात, असे मी सुचवेन. नियम पाळला म्हणजे सरकारपुढे मान तुकवली, असे दिरांना वाटत असेल, तर तुमच्या शेजारच्या लालबागमध्ये २०२० मध्ये ‘राजा’ची मूर्तीच न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान झाले, याची त्यांना आठवण द्या, त्या मंडळाच्या भक्तीवर कोणी शंका घेतल्याचे मी ऐकलेले नाही. आणि पतीला त्या वेळी बाहेर जायचेच असेल, तर गॅलरीत तासभर उभे राहू द्या. आरती तिथेही ऐकू येते.

निवडणूक २०२२ च्या सुरुवातीला होईल असे धरले गेले, म्हणजे तोवर हा गोंगाट वाढणारच. ज्या मोबाईलवर मुलाचा गणिताचा तास चालतो, त्याच मोबाईलवर काकांचे मेसेज येऊन पडतात, ही गोष्ट मात्र आजच बदलता येईल. कुटुंबाचा ग्रुप म्यूट करा, त्यातून बाहेर पडू नका. पुनर्विकासाची काळजी रास्त आहे. वरळीच्या बीडीडी चाळींचे भूमिपूजन १ ऑगस्ट २०२१ ला झाले. तुमच्या चाळींचे कामही म्हाडाकडेच आहे. सत्ता कोणाचीही येवो, पात्रता कागदांवर ठरते. म्हणून भाड्याच्या पावत्या, विजेची जुनी बिले आणि खोली सासऱ्यांच्या नावावर असल्याचा पुरावा एका पिशवीत घाला आणि त्यांच्या प्रती काढून ठेवा. या कामाला पतीला बसवा. वाद घालण्यापेक्षा ते त्यांना अधिक जमेल, असा माझा अंदाज आहे.

राहिले तुमचे रडणे. पत्रात त्याला एक ओळ मिळाली आहे, तीही शेवटी. झोप लागत नसेल, भूक मेली असेल किंवा सकाळी उठावेसेच वाटत नसेल, तर परळला केईएमच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून डॉक्टरांना दाखवा. घरी ‘दवाखान्यात जाऊन येते’ एवढे सांगितले तरी पुरे. कोणत्या, हे सांगायलाच हवे असे नाही.