कुत्रीला कुत्र्याचंच पिल्लू होतं, मग नवीन प्रजाती येतात कुठून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: प्रत्येक जीव आपल्यासारखंच पिल्लू जन्माला घालतो, तर नवी प्रजाती होते कशी, आणि ती होताना कुणी पाहिली आहे का?

प्राण्यांपुरतं बोलायचं तर कुठल्याच आईच्या पोटी वेगळी प्रजाती येत नाही, हे तुमचं बरोबरच आहे. बदलतो तो अख्खा कळप, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या. एका कळपाचे दोन भाग होऊन त्यांच्यातली सोयरीक बंद पडली, की इकडे झालेला बदल तिकडे पोचत नाही. पुरेसा काळ गेला की पुन्हा गाठ पडूनही जोड्या जमत नाहीत, किंवा जमल्या तरी संतती वांझ निघते.

सोयरीक तोडायला बहुतेक वेळा भूगोल पुरतो. पश्चिम घाटात पालघाट खिंडीच्या उत्तरेला शोलाकिली पक्ष्याची एक प्रजाती, दक्षिणेला दुसरी. खिंड जेमतेम 30-40 किलोमीटर रुंद, पण थंड डोंगरमाथ्यावरचा हा पक्षी तापलेला सखल भाग ओलांडत नाही.

मला मात्र त्याहून मजेशीर वाटते ती अमेरिकेतली एक फळमाशी, ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाची बारीक लाल फळं हे तिचं मूळ अन्न. मादी सालीखाली अंडं घालते, अळी गर पोखरते, फळ गळून पडतं, अळी मातीत शिरून कोष करते आणि साधारण वर्षभराने माशी होऊन वर येते. सफरचंद तिथलं नव्हे, ते युरोपातून आलेल्यांनी नेलं. 19व्या शतकाच्या मध्याला यातल्या काही माश्या सफरचंदावर बसू लागल्या. बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने 1867 सालीच म्हटलं होतं की इथे नवी प्रजाती घडत असावी.

आता गंमत बघा. या माश्यांचं मीलन फळावरच होतं. नर फळावर दबा धरून बसतो. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि माशीचं आयुष्य महिनाभराचं. त्यामुळे सफरचंदावाल्या माश्या लवकर बाहेर येतात, हॉथॉर्नवाल्या उशिरा; शिवाय दोघींना आपापल्याच फळाचा वास ओढतो. थोडक्यात, रोटी वेगळी झाली म्हणून बेटीव्यवहार तुटत चालला आहे, तोही एकाच शिवारात. अजून पुरता तुटलेला नाही, दर पिढीत 4 ते 6 टक्के संकर होतो, म्हणून त्यांना अजून एकाच प्रजातीचे दोन वंश मानतात. त्यांच्या अळ्यांवर जगणारी एक गांधीलमाशीही आता तशीच दोन गटांत फुटते आहे.

काही वनस्पती मात्र वरचा सगळा नियम धाब्यावर बसवतात. माझं शिक्षण शेतकीचं, त्यामुळे गव्हाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण ज्याची खीर करतो त्या खपली गव्हात 28 गुणसूत्रं असतात. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या आसपासच्या शेतांत 28वाल्या गव्हाचा 14 गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. अशा संकरात प्रत्येक पालकाकडून निम्मी, म्हणजे 14 आणि 7 मिळून 21 गुणसूत्रं येतात, त्यांना जोडीदार नसतो, म्हणून रोप जवळपास वांझ असतं. पण पेशीविभाजनातल्या चुकीने गुणसूत्रं दुप्पट झाली: 42. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि दाणा भरला. तोच आपला पोळीचा गहू. 42वाला गहू रानात कुठेच मूळचा सापडत नाही. म्हणजे इथे एक-दोन पिढ्यांतच नवी प्रजाती उभी राहिली.

तेव्हा 'कुणी पाहिली का' याचं उत्तर: पाहिली तर आहेच, वर करूनही दाखवली. 1940च्या दशकात अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीअर्स यांनी हाच संकर पुन्हा घडवला. आज मेक्सिकोतली सिमिट ही गहू-मका संशोधन संस्था असा गहू नेहमी बनवते. रानगवतातली रोगप्रतिकारशक्ती गव्हात आणायची असते. गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिन हे रसायन वापरतात, जे आपल्या कळलावीतही असतं. त्या रोपांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली की 42 भरतात, आणि पोळीच्या गव्हाशी त्यांचा संकर लागतो.